कॉर्न स्नेकची जोडी लावण्याआधी घ्यायची वस्तू: एस्काली प्रायमो वजनकाटा

पहिल्यांदा कॉर्न स्नेक या बिनविषारी पाळीव सापाची अंडी घ्यायची ठरली की घरात आधी अंडी उबवायचा इनक्युबेटर येतो. मागोमाग थर्मोस्टॅट येतो, अंडी ज्यात ठेवायची त्या व्हर्मिक्युलाइटची (ओल धरणारे हलके खनिज) पिशवी येते. मादी अंडी घालण्याइतकी तयार झाली आहे का, हा प्रश्न या सगळ्यानंतर निघतो. क्रम उलटा हवा. इनक्युबेटर जूनमध्ये लागतो, आणि मादीचा निर्णय त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्येच घ्यावा लागतो. तो घ्यायला जी वस्तू लागते ती साधारण २५ डॉलरला मिळते आणि स्वयंपाकघराच्या सामानाच्या दुकानात असते. म्हणून हे परीक्षण एका साध्या डिजिटल वजनकाट्याचे आहे, पण त्याच्याकडे बघायचे ते सापाच्या बाजूने.

एस्काली प्रायमोची क्षमता ५ किलो आणि अचूकता १ ग्रॅम. दोनच बटणे: एक चालू करण्याचे आणि शून्य करण्याचे, दुसरे एकक बदलण्याचे. दोन एए सेलवर चालतो. बटणे आणि पडदा वरून बंदिस्त असल्यामुळे ओल्या फडक्याने पुसता येतो. सापाच्या कामासाठी हा गुण छोटा नाही, कारण काट्यावर ठेवल्यावर घाबरलेला साप हमखास विष्ठा करतो.

नवा काटा आला की आधी त्याची परीक्षा घ्या. अमेरिकेतले पाच सेंटचे नाणे ५ ग्रॅमचे असते, त्यामुळे बँकेतून आणलेली ४० नाण्यांची गुंडाळी कागद सोडून २०० ग्रॅम भरली पाहिजे आणि ६० नाणी ३०० ग्रॅम. ब्रिटनमध्ये एक पौंडाची ४० नाणी घ्या, ती ३५० ग्रॅम भरतात. वापरातल्या नाण्यांमुळे एखाद्या ग्रॅमचा फरक चालेल, पाच ग्रॅमचा चालणार नाही. ही तपासणी दर तीन महिन्यांनी आणि सेल बदलल्यावर करा. काटा गालिच्यावर किंवा डगमगत्या टेबलावर ठेवला तर नाणीसुद्धा चुकीची भरतील, मग सापाचे काय. एकक बदलायचे बटण चुकून दाबले जाते आणि आकडा औंसमध्ये येतो. ३०० ग्रॅम म्हणजे १०.६ औंस, एवढे लक्षात असले की घोटाळा लगेच कळतो.

साप ताटलीवर सुटा ठेवायचा नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला हवेसाठी भोके पाडा, आत कोरडा कागदी रुमाल घाला, हे सगळे काट्यावर ठेवून शून्य करा आणि मग साप आत सोडा. इथे प्रायमोची एक अडचण येते. चार मिनिटे कुणी हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो आणि शून्य केलेले विसरतो. साप त्याच्या राहण्याच्या खोक्यातून काढायला वेळ लागला की नेमके हेच घडते. त्यावर दोन तोडगे आहेत. डबा, झाकण, रुमाल यांचे एकत्र वजन झाकणावरच मार्करने लिहून ठेवा. नाहीतर सापासकट डबा ठेवून शून्य करा, साप बाहेर काढा आणि डबा परत ठेवा: पडद्यावर उणे चिन्हासह जो आकडा दिसेल तेच सापाचे वजन. साप हलत असला की आकडा नाचतो, म्हणून तीनदा वाचा आणि मधला लिहा.

वजन कधी करायचे, यावर आकड्याचा अर्थ ठरतो. एक मोठा उंदीर २५ ते ३० ग्रॅमचा असतो. तो कालच खाल्लेल्या २८० ग्रॅमच्या मादीला काटा बेधडक ३०५ दाखवेल आणि मालकाला वाटेल, झाली तयार. खाणे होऊन निदान पाच-सहा दिवस झालेले हवेत, विष्ठा टाकून झालेली हवी, आणि डोळे दुधाळ (कात टाकायच्या आधी होतात तसे) नसावेत. पुढचे खाणे द्यायच्या आधीची वेळ सगळ्यांत चांगली. महिन्यातून एकदा, त्याच स्थितीत, वहीत तारखेसकट.

आता खुद्द आकडा. कॉर्न स्नेक वाढवणाऱ्यांत तीनाचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: मादी ३ वर्षांची, ३०० ग्रॅमची आणि ३ फुटांची हवी. नियम चांगला आहे, पण लोक त्यातला जो आकडा आधी पुरा होतो तो धरतात आणि बाकीचे दोन सोडतात. तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात, कारण प्रत्येक अट वेगळ्या धोक्यासाठी आहे. लांबी आणि शरीराचा घेर यांवर अंडे बाहेर यायची वाट किती रुंद हे अवलंबून असते. वजन म्हणजे अंड्यांत घालायला आणि नंतर स्वतः तगायला शरीरात असलेला साठा. वय या दोन्हींना पक्कं करते. दर चार दिवसांनी मोठे उंदीर खाऊ घालून मादी दीड वर्षात ३०० ग्रॅमला आणता येते, काट्याला त्यात काही वावगे दिसत नाही. पण त्या वजनात चरबीचा वाटा मोठा असतो, आणि अशा मादीच्या पोटात अंडे अडकण्याची भीती राहते. आमच्या मते ३०० ही खालची मर्यादा मानावी आणि पहिल्या खेपेच्या मादीसाठी ३५० ग्रॅम धरावे. जिची वाढ सावकाश झाली तिला चौथ्या वसंतापर्यंत थांबवले तर काही बिघडत नाही. कॉर्न स्नेक पाळीव अवस्थेत पंधरा-वीस वर्षे सहज जगतो.

चरबी ओळखायला डोळे आणि हात लागतात. निरोगी मादीचे अंग आडव्या छेदात पावाच्या लादीसारखे दिसते: खाली सपाट, वर गोलसर, पाठीचा कणा हाताला लागतो पण टोकदार दिसत नाही. साप सरळ पसरलेला असताना खवल्यांच्या मधली कातडी दिसू लागली, किंवा अवस्कराच्या (विष्ठा आणि अंडी जिथून बाहेर पडतात ते छिद्र) मागे शेपटी एकदम बारीक होऊन तिथे पायरी पडल्यासारखी दिसली, तर मादी लठ्ठ आहे. मग ४५० ग्रॅम भरूनही तिला त्या वर्षी जोडीला लावू नये. लांबी मोजायला साप ताणू नका. खोक्याच्या काचेवर किंवा झाकणावर पसरलेला असताना वरून फोटो घ्या, नाहीतर त्याच्या वळणावळणाने सुतळी ठेवून ती मोजा. टाकलेली कात मोजून लांबी धरणारे फसतात, कारण कात उतरताना ताणली जाते आणि सापापेक्षा बरीच लांब भरते.

नराचे गणित सोपे. तो दीड वर्षातच लायक होऊ शकतो. दोन वर्षे आणि २०० ते २५० ग्रॅम असले की पुरे. त्याच्यासाठी काटा वेगळ्या कारणाने लागतो. वसंतात नर खाणे सोडतो, कधी कधी महिना-दीड महिना. सुरुवातीचे वजन लिहिलेले नसेल तर ही नेहमीची उपासमार की आजार, हे ठरवता येत नाही.

नर की मादी याचीच खात्री नसेल तर काटा उपयोगाचा नाही. तिथे जाणकाराकडून अवस्करातून बारीक सळई घालून तपासणी करून घ्या. मादीत सळई शेपटीकडे दोन-चार खवल्यांइतकीच जाते, नरात कितीतरी आत जाते. घरच्या घरी हा प्रयोग करू नये. चुकीच्या जाडीच्या सळईने नराला कायमची इजा होते.

हिवाळ्यात या काट्याची किंमत वसूल होते. कॉर्न स्नेक मूळचा आग्नेय अमेरिकेचा, न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सपासून फ्लोरिडापर्यंतचा. तिथल्या थंडीसारखा गारवा मिळाला की मादी आणि नर दोघेही एका लयीत येतात. गारवा न देताही पुष्कळ जोड्या अंडी देतात, त्यामुळे हा टप्पा सक्तीचा नाही. द्यायचाच असेल तर शेवटच्या खाण्यानंतर १४ दिवस नेहमीची ऊब चालू ठेवा, म्हणजे पोट पूर्ण रिकामे होईल. पोटात उंदीर असताना थंडी दिली तर तो आतच सडतो आणि साप मरतो. मग आठवडाभरात तापमान हळूहळू खाली आणून १० ते १५ अंश सेल्सिअसवर आठ ते दहा आठवडे, अंधारात, पाण्याचे भांडे कायम भरलेले. थंडीत टाकायच्या दिवशी वजन लिहा आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा करा. निरोगी साप या काळात फारच थोडे वजन गमावतो. ३५० ग्रॅमची मादी ३१५ च्या खाली आली, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर तिला बाहेर काढून ऊब द्या, जंत आणि श्वसनाचे आजार यांची तपासणी करून घ्या आणि त्या वर्षीचा बेत रद्द करा. १ ग्रॅमची अचूकता इथे भरपूर झाली.

बाहेर काढल्यावर आठवडाभरात उबदार बाजू २८ ते ३० अंशांवर आणा. पहिले खाणे नेहमीपेक्षा लहान द्या. नंतर मादीला दर पाच-सहा दिवसांनी मध्यम आकाराचे उंदीर द्या. एकदम मोठा उंदीर दिला की उलटी होण्याचा धोका. तीन-चार आठवड्यांत ती कात टाकते, आणि जोडी लावायची वेळ हीच. त्या दिवशी पुन्हा वजन करा. ऑक्टोबरातले वजन भरून निघाले नसेल तर नर तिच्या खोक्यात जाता कामा नये. हात लावूनही एक खूण मिळते: मादी बोटांच्या चिमटीतून हळूच सरकू दिली की शरीराच्या मागच्या भागात मण्यांची माळ असावी तसे बारीक फुगवटे लागतात. दाबायचे नाही, तिला स्वतःच सरकू द्यायचे.

खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवस दोघांनाही एकत्र आणू नका, धावपळीत खाल्लेले बाहेर येते. तयार मादीच्या पाठीवरून नर झटके देत सरकू लागतो आणि ती फार पळत नाही. ती सतत पळत राहिली, शेपटी थरथरवत राहिली, तर नराला काढून घ्या आणि तीन दिवसांनी परत सोडा. मीलन काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते. त्या वेळी दोघांना ओढून वेगळे करणे ही घोडचूक. नराचे अर्धशिश्न (सापाच्या जोड-लिंगापैकी एक) फाटते. दर तीन दिवसांनी एकदा, असे तीन-चार वेळा पुरते.

गाभण मादीचे वजन खाणे कमी असूनही चढत जाते. मीलनानंतर महिना-सव्वा महिन्यात ती अंड्यांआधीची कात टाकते, आणि त्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत अंडी येतात. कात पडायच्या आधीच अंड्यांसाठी डबा तयार हवा: ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, १० उंच, झाकणाला ५ सेंटिमीटरचे गोल भोक, आत ओले करून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (ओल धरणारे शेवाळ). कोरड्या डब्यात मादी अंडी घालत नाही, ती पाण्याच्या भांड्यात घालते आणि अंडी बुडून मरतात. एकदा सुरुवात झाली की बहुधा दिवसभरात सगळी अंडी बाहेर पडतात. काही बाहेर आली, पोटात अजून गाठी दिसतात आणि दोन दिवस काही हालचाल नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यायलाच हवे. घरी दाबून अंडे काढायला गेले की अंडनलिका फाटते. कमी वयाच्या, कमी वजनाच्या मादीला जोडीला लावल्याची शिक्षा तिला इथे भोगावी लागते, म्हणून ऑक्टोबरच्या त्या आकड्याबद्दल आम्ही इतका आग्रह धरतो.

अंडी घातल्यावर दुसऱ्या दिवशी मादीचे वजन करा. एक तृतीयांशापर्यंत घट होऊ शकते आणि आकडा पाहून धस्स होते, पण नीट तयारी असलेली मादी दोन-अडीच महिन्यांत तो भरून काढते. पहिली दोन खाणी लहान द्या. नराशी पुन्हा गाठ न घालताही ती साठवलेल्या शुक्राणूंवर दुसरी अंडी घालू शकते, तेव्हा तिचे वजन महिन्यात एकदाऐवजी दर आठवड्याला बघा. शरद ऋतूपर्यंत जुने वजन आले नाही तर पुढचे वर्ष विश्रांतीचे.

काट्याचा आणखी एक उपयोग उबवणीत आहे आणि तो फारच थोडे लोक करतात. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी मापाने नव्हे, वजनाने सारखे घ्यायचे: २०० ग्रॅमला २०० ग्रॅम. चांगली अंडी पांढरी, चामड्यासारखी आणि एकमेकांना चिकटलेली असतात, पिवळट आणि लहान असतील ती बहुधा रिकामी. चिकटलेला घोळका तसाच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि फिरवू नका. अंडी ठेवल्यावर डब्याचे एकूण वजन लिहा. अंडी जे पाणी शोषतात ते डब्यातच राहते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात एकूण वजन १२ ग्रॅमने कमी भरले तर तेवढे पाणी बाहेर उडून गेले आहे. कोमट १२ ग्रॅम पाणी कडेने सोडा, अंड्यांवर नाही. अंदाजाने पाणी शिंपडणाऱ्यांची अंडी बुरशीने जातात किंवा खळगे पडून सुकतात. २८ अंशांच्या आसपास तापमान राखले की साधारण ६० दिवसांत पिल्ले अंड्याला चीर पाडतात.

पिल्ले बाहेर आली की प्रायमो अपुरा पडतो. पिल्लू ५ ते ८ ग्रॅमचे असते आणि त्याला १ ग्रॅमने मोजणे म्हणजे ढोबळ अंदाज. खाणे नाकारणारे पिल्लू आठवड्यात अर्धा ग्रॅम घटले तर प्रायमोवर काहीच दिसणार नाही. त्यासाठी ०.१ ग्रॅमचा लहान खिशातला काटा वेगळा घ्यावा. तोही महाग नसतो, पण मोठी मादी त्यावर मावत नाही, म्हणून एकाने दोन्ही कामे होत नाहीत. दुसरी उणीव ताटलीची. ती लहान असल्याने रुंद डबा ठेवला की पडदा झाकला जातो. मोठे डबे वापरणाऱ्यांनी ओएक्सओ कंपनीचा बाहेर ओढता येणाऱ्या पडद्याचा काटा बघावा, वाचायला तो खूप सोयीचा. दोनच साप असतील तर अरुंद आणि उंच डबा घेऊन प्रायमोवरच भागवा.

आणि हा काटा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. काट्यावर मार्करने साप असे लिहा, वापरून झाला की जंतुनाशकाने पुसा, हात साबणाने धुवा. दुसऱ्या कुणाचा नर आणला असेल तर त्याचा डबाही वेगळा ठेवा, आणि तीन महिने वेगळे ठेवल्याशिवाय त्याला मादीजवळ आणू नका.

काट्याच्या कक्षेबाहेरची एक गोष्ट जोडी लावण्याआधी बघावीच. सनकिस्ड रंगाच्या वंशावळीत स्टारगेझर नावाचा अप्रकट जनुकदोष असू शकतो. दोन्ही पालकांकडून तो आला की पिल्लाचा तोल जातो, डोके वर आणि मागे वळते. टाकलेल्या कातीवरून त्याची चाचणी होते. मादी ४०० ग्रॅमची आणि चार वर्षांची असली तरी दोघे वाहक असतील तर ती जोडी लावू नये.

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, मराठी घरे पुष्कळ आहेत. तिथे हा साप राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे आणि पाळायला परवाना लागतो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात तो स्थानिक बिनविषारी साप म्हणून पाळायला बंदी आहे, ऑस्ट्रेलियात तर परदेशी प्राणी म्हणून पूर्ण बंदी. आणि हे वाचून कुणी गावाकडच्या धामणीवर हे आकडे लावून बघायला जाऊ नये. भारतात रानातला साप पकडणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शिवाय धामणीचे वय, वजन, लांबी सगळेच वेगळे.

खरेदीची वेळ: सप्टेंबर. म्हणजे ऑक्टोबरच्या निर्णयाआधी निदान एक वजन वहीत असेल. आणखी चांगले म्हणजे पिल्लू घरात आले त्याच आठवड्यात, कारण तीन वर्षांच्या छत्तीस नोंदींवरून मादी सावकाश भरली की फुगवली गेली हे एका नजरेत दिसते. दहापैकी आठ गुण. आपोआप बंद होण्याचा एक गुण कापला, लहान ताटलीचा दुसरा.